बोटभर कड

लेक: कापलंत? बाबा, तुम्ही आईचं पुस्तक कापलंत?

बाप: मग? नवी शिलाई घातली की तीन बाजू मशीनवर कापायच्याच. चाळीस वर्षं बाइंडिंग करतोय. पानं खालीवर दिसली असती.

लेक: दिसू द्यायची! मी फक्त शिवून द्या म्हटलं होतं. पानापानाच्या कडेला तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं.

बाप: मला काय स्वप्न पडलं होतं?

लेक: उघडून बघायचं तरी!

बाप: बाइंडर वाचत बसला की दुकान बुडालंच.

लेक: आई इथेच छापील कागदांचे फर्मे दुमडायची. ती वाचायचीच ना?

बाप: तिचं मला सांगू नकोस! म्हणे तत्त्वज्ञानाचं पुस्तक. खरं कशाला म्हणायचं, चांगलं कशाला म्हणायचं. बायको गेल्यावर माणसानं ताटावर बसायचं कशाला, ते लिहिलंय का त्यात कुठं?

लेक: माझ्यावर ओरडू नका. तीन महिने झाले, माझीही आईच गेलीय. हे बघा, चौसष्टावं पान. ‘दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला खरंच कळतं का?’ खाली तिनं लिहिलंय, ‘लेकीचं कळतं. शेजारच्या कुत्र्याचंसुद्धा कळतं.’ त्याखालची ओळ तुम्ही उडवलीत.

बाप: कुत्र्याचंसुद्धा?

लेक: हो. पुढे काय होतं, सांगा आता!

बाप: कात्रणं त्या पोत्यात आहेत. सकाळपासूनची सगळी.

लेक: सरका.

बाप: अगं, धसमुसळेपणा करू नकोस, फाटतील! तिचा कागद पिवळा पडलाय. पिवळं तेवढं वेच, पांढरं सोड.

(दोघं फरशीवर बसून पट्ट्या वेचतात. बराच वेळ जातो. बाप एक पट्टी उजेडात धरतो आणि तशीच धरून राहतो.)

लेक: सापडली? वाचा ना. बाबा, वाचा!

बाप: ‘यांचं मात्र कळत नाही. विचारायला हवं.’

लेक: मग? विचारलं तिनं?

बाप: विचारलं की. त्या स्टुलावर बसून. ‘अहो, दिवसभर तुमच्या मनात काय चालतं हो?’

लेक: तुम्ही काय म्हणालात?

बाप: खेकसलो. मशीन चालू आहे, दिसत नाही का? नंतर बोलू.

लेक: आणि नंतर?

बाप: नंतर काय नंतर! नंतर दवाखाना.

लेक: मशीन बंद आहे, बाबा. सांगा.