बिशप ऑस्मेर दारात उभे राहिले

हिल्ड: बसायला नाही आले मी, भावोजी. एवढंच सांगा, तुमचा भाऊ जिवंत आहे का?

गामेल: आहे गं, आहे! सेविन जिवंत आहे, हातपायही जागच्या जागी आहेत. आता तरी बस. गुडघ्यापर्यंत चिखल आहे तुझ्या, सगळी दलदल तुडवत आलीस वाटतं. हे वाटाण्याचं कढण घे.

हिल्ड: गावात तर म्हणतात, त्या परक्या नॉर्मनांची गढी जाळली म्हणून सगळ्यांना फासावर दिलं.

गामेल: देणारच होते. सेविन आणि त्याच्या बरोबरच्या पोरांनी गढीचं लाकडी कुंपण पेटवलं आणि पळता पळता शिरली आमच्या चर्चमध्ये. तिथे आसरा घेतलेल्याला कुणी ओढून काढायचं नाही, असा रिवाज. मागोमाग तो नॉर्मनांचा फुल्क सरदार, घोड्यासकट. बिशप तेव्हा मागच्या वाफ्यात कांदे उपटत होते. तसेच आले, मातीच्या हातांनी, आणि दारात उभे राहिले.

हिल्ड: बिशप ऑस्मेर? नव्या नॉर्मन राजापुढे सगळ्यांत आधी गुडघे टेकले, तेच ना?

गामेल: हो, तेच. ज्यांच्या घरी मी जन्मभर रांधतोय तेच. जरा जीभ आवर, त्यांच्याच चुलीपाशी बसली आहेस.

हिल्ड: बरं. पुढे?

गामेल: फुल्क त्याच्या फ्रेंचमध्ये ओरडला. दुभाष्या म्हणून एक पाद्री होता, नुसता भित्रा ससा. तो म्हणतो, "सरदारसाहेब विनंती करताहेत, जरा बाजूला होता का?" बिशप म्हणाले, "त्याला सांग, घोडा आत घालायचा तर माझ्या अंगावरून घाल." आणि ससा काय सांगतो? "बिशपसाहेब विचार करताहेत!"

हिल्ड: अगं बाई! मग?

गामेल: बिशपांना फ्रेंच येत नाही म्हणून ते लोक हसतात ना? पण एक शब्द येतो त्यांना. फुल्कच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "नों." नाही. बस्स. घोडासुद्धा मागे सरकला, देवाशप्पथ.

हिल्ड: घोड्याचं राहू द्या, माणसांचं सांगा.

गामेल: फुल्कनं वेढा घातला. आत अन्नाचा कण जाऊ द्यायचा नाही. बिशपांना मोकळीक होती, हवं तेव्हा बाहेर या म्हणे. नाही आले. पोरांबरोबर उपाशी बसले. मी पाव घेऊन गेलो, तर शिपायांनी माझ्या डोळ्यांदेखत कुत्र्यांना घातले. शेवटी म्हातारा माणूस, चक्कर येऊन पडले. तेव्हा कुठे फुल्क टरकला. बिशप उपासमारीनं मेला तर राजाला काय तोंड दाखवणार? मग बोलणी झाली.

हिल्ड: कसली बोलणी?

गामेल: पोरांचा जीव वाचेल, हात-डोळे शाबूत राहतील, पण देश सोडायचा. आणि बदल्यात बिशपांनी गादी सोडायची. फुल्कच्या मावसभावाला कधीची हवी होती ती.

हिल्ड: आणि दिली?

गामेल: काल दिली. अंगठी, दंड, सगळं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. तर त्या मावसभावाला म्हणाले, "शुक्रवारी गोरगरीब जेवायला येतात. मोठा हंडा गळतो, तेवढा सांधून घ्या." मी इकडे रडतोय आणि हे हंड्याचं सांगताहेत!

हिल्ड: सेविन कुठे आहे आत्ता?

गामेल: नदीवर. भरती आली की जहाज सुटेल. पण वेशीवर पहारा आहे, ह्या पोरांच्या घरच्यांना कुणाला सोडत नाहीत. मला तर ढकलूनच... ऊठ, ऊठ, बिशप आले.

ऑस्मेर: बसू दे तिला. आणि बिशप म्हणणं सोड आता, गामेल. नवा चिडेल. कोण ही?

गामेल: सेविनची बायको, बाबा.

ऑस्मेर: गातो तो सेविन? आत सगळे भुकेनं कण्हत होते आणि हा गात होता. भलताच बेसूर.

हिल्ड: बेसूरच गातो तो. बाबा, एक विचारू? रागावणार नाही ना?

ऑस्मेर: विचार. रागवायचा मान कालच काढून घेतलाय माझा.

हिल्ड: आमची माणसं लढाईत मेली आणि तुम्ही मारणाऱ्यापुढे गुडघे टेकलेत. का?

गामेल: हिल्ड!

ऑस्मेर: बोलू दे रे. पोरी, वाटेवरची जळलेली गावं मी बघून आलो होतो. पुढचं जळणारं गाव हे होतं. बरोबर केलं का, मला माहीत नाही. अंथरुणावर पडलो की वाटतं, चुकलं. सकाळी गल्लीत पोरं भांडताना दिसतात, मग वाटतं, असू दे.

हिल्ड: मग ह्या वेळी का नाही टेकलेत?

ऑस्मेर: तेव्हा ते माझी शपथ मागत होते. ती माझी होती, देऊन टाकली. ह्या वेळी ह्या पोरांचे जीव मागत होते. ते कुठे माझे होते द्यायला? चल, ऊठ.

हिल्ड: पण वेशीवर अडवतील...

ऑस्मेर: पहारेकरी आपल्यातलेच आहेत. कालपर्यंत मला बघून वाकायचे, सवय काही एका दिवसात जात नाही. माझा हात धर. म्हातारा आहे, चक्कर येते, तू मला धरून चालली आहेस. ह्यात खोटं काहीच नाही.

(नदीचा धक्का. जहाजावरून सेविन हिल्डच्या नावानं ओरडतो आहे.)

हिल्ड: त्या पहारेकऱ्यानं एक शब्द विचारला नाही हो! उलट टोपी काढली.

ऑस्मेर: बरं झालं. विचारलं असतं तर काय सांगायचं, हेच मला सुचत नव्हतं. जा, चढ जहाजावर, फळी काढतील आता.

हिल्ड: तुम्हीही चला ना. इथं काय राहिलंय तुमचं?

ऑस्मेर: टेकडीपलीकडच्या खेड्यात पाद्री नाही. लग्नं खोळंबली आहेत तिथली. आणि मला बोट लागते.

हिल्ड: मग आशीर्वाद तरी द्या.

ऑस्मेर: बिशपचा आशीर्वाद हवा असेल, पोरी, तर आता तो नवा माणूस...

हिल्ड: त्याला मी ओळखत नाही. तुम्ही द्या.