विरजणाचा शेवटचा चमचा

...एक चमचा हो, एकच चमचा! त्याच्यापायी माणसानं आठ दिवस स्वतःच्याच घरात तोंड लपवत फिरायचं? तुम्हाला सांगतो, मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. माणसाला विस्तव कधी सापडला, मीठ कधी, डबाबंद मासे कधी, सगळं तोंडपाठ! पण दुधात कालचं चमचाभर दही घालून झाकून ठेवायचं, हे ज्या बाईला पहिल्यांदा सुचलं, तिचं नाव कुठल्या पुस्तकात आहे? नाही! आणि ते संपवणाऱ्याचं विचाराल, तर... समोर उभा आहे.

झालं काय, आमच्या सासूबाईंनी लेकीला लग्नात दागिने बेताचेच दिले, पण वाटीभर विरजण दिलं. तेव्हापासून रोज तळाशी एक चमचा राखायचा, त्यावर कोमट दूध, की सकाळी दही तयार! एकतीस वर्षं खंड नाही. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. मागे राहिलं काय? तेवढं विरजण. आणि एका मंगळवारी भर दुपारी बायको गेलेली शिंप्याकडे, मला लागली भूक, आणि मी भांडं बोटानं पुसून खाल्लं हो! मग लक्षात आलं! अहो, एक चमचा ठेवला असता तर काय मेलो असतो?

तसाच धावत मेव्हणीकडे. तिलाही आईनं दिलेलंच ना! तर ती म्हणते, "भावोजी, कोण करत बसतंय आता? मी तयार डबाच आणते!" आली का पंचाईत? शेवटी चौकातल्या डेअरीतून दही आणलं, भांड्यात ओतलं, वर चमचा फिरवला... जुनं दिसावं म्हणून! दही जुनं कसं दिसणार, सांगा!

मग रोज जेवताना बायको दही वाढते, माझ्याकडे बघते, आणि मी आपला म्हणतो, "वा! सासूबाईंच्या हातची चव!" आठव्या दिवशी तिला रडूच फुटलं. "अहो, नका ना रोज आईचं नाव घेऊ! ते विरजण पंधरा वर्षांपूर्वीच माझ्याकडून नासलं. मी डेअरीतलं आणून लावलं. आणि आई दवाखान्यात, शेवटी शेवटी, दोन चमचे खाऊन म्हणाली, 'माझ्या हातचं टिकवलंस गं पोरी.' तेव्हाही माझ्यानं सांगवलं नाही हो!"

म्हणजे मी संपवलं तेही डेअरीचं, आणलं तेही डेअरीचं! इतकं वाईट वाटलं तिचं... आणि तिला जवळ घ्यायचं सोडून मी मास्तर काय बोललो असेन? "सांगून टाकायला हवं होतंस तू आईला!"

तिनं डोळे पुसले. शांतपणे म्हणाली, "हो ना. मीही आठ दिवस वाट बघतेय, तुम्ही कधी सांगताय."

आता लाजेकाजेनं विरजण मीच लावतो. एक चमचा, कोमट दूध, वर झाकण, सगळं तिच्यासारखंच. चार दिवस झाले... दूध आपलं दूधच!