एका थेंबातले रेणू

सगळ्यांना सविनय जयभीम.

आपण सगळे आपापली कामं टाकून ताईच्या शोकसभेला आलात. वाघोलीहून ताईच्या कॉलेजातल्या मॅडम आल्यात, तिचे विद्यार्थी आलेत. मी तिचा धाकटा भाऊ. मला भाषण येत नाही.

आत्ता दोघातिघांनी सांगितलं, भावाने ताईची फार सेवा केली. ते ऐकवत नाही, म्हणून बोलतोय.

ताई शेवटी धायरीला माझ्या घरी होती. कॅन्सर हाडांत पोचला होता. वेदना थांबाव्यात म्हणून डॉक्टरांनी मॉर्फिनचं पातळ औषध दिलं होतं. बिनसुईच्या सिरिंजने, दर वेळी दोन मिली तोंडात सोडायचं. मी दीडच द्यायचो. का? पूर्ण दिलं की ती झोपून जायची. मला ती जागी हवी होती, बोलायला हवी होती. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिच्याशिवाय मी कोणाशी बोलणार होतो?

एका दुपारी ताई म्हणाली, चल, या औषधाच्या एका थेंबात रेणू किती, ते काढू. तिला बरं वाटतंय असं समजून मी खूश झालो. वर्गात शिकवायची तसं तिने एकेक पायरी सांगितली. एका मिलीत औषध दोन मिलिग्रॅम. मिलीचे थेंब साधारण वीस, म्हणजे थेंबात मिलिग्रॅमचा दहावा भाग. त्याचे ग्रॅम करायचे, रेणुवस्तुमानाने भागायचं, की मोल मिळतात. आणि एका मोलमध्ये रेणू किती, तर सहावर तेवीस शून्यं. उत्तर आलं, एका थेंबात दोनावर सतरा शून्यं. एवढ्याशा थेंबात एवढे, म्हणून मी हसलो.

ती हसली नाही. म्हणाली, "आणि तू दर वेळी दहा थेंब कमी देतोस. आता पुढचं गणित तू कर."

तिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

"तुला गप्पा हव्या होत्या ना."

त्या दिवसापासून मी पूर्ण औषध दिलं. ती झोपायची. तिच्या कपाळावरची आठी गेली. ती आठी मला आधी दिसत नव्हती का? दिसत होती.

तिने मला माफ केलं असेल. तुमच्याकडे मी माफी मागत नाही. फक्त त्याला सेवा म्हणू नका.

उभे राहू या. दोन मिनिटं शांत राहू या.

ताई, आता नको बोलूस. झोप. जयभीम.