नापासाच्या तीन प्रती

दातांच्या दवाखान्यात शिंपीणबाई गाल धरून बसल्या होत्या. शेजारी कॉलेजातल्या दोन मैत्रिणी येऊन टेकल्या. एकीचा गाल सुजला होता, दुसरीचा चेहरा पडला होता.

"निकाल घरी सांगितलास?" सुजलेल्या गालवालीने विचारलं.

"सांगितला की. बाबांना म्हटलं, निकाल लांबलाय. आत्याला म्हटलं, पास झाले."

"आणि आईला?"

"पहिली आले."

"अगं, डेटाबेसच्या पेपरात नापास झालीयेस तू!"

"आई इतकी खुशीत होती, तोंडातून निघून गेलं."

"अडलं कुठे पेपरात?"

"तिसऱ्या प्रश्नाला. एकच माहिती तीन सर्व्हरवर ठेवली आणि तिन्ही प्रती जुळेनात, तर खरी कुठली धरायची? कोरा सोडला."

"एम.एस्सी.ला बसलीस आणि हे येईना? सर्व्हर एकमेकांशी बोलायला लागले की…"

फोन वाजला.

"हं, आई. आत्या आलीये? बाबापण घरीच? नाही गं, तसं नाही… येते, येऊनच सांगते."

"बोलायला लागले वाटतं सर्व्हर?"

"हसू नकोस. उत्तर सांग."

"सगळ्यात शेवटी आलेली नोंद खरी धरायची."

"मग ती शेवटची नोंद करायला मलाच घरी जावं लागणार."

"मीही येते. माझा गाल बघून तुझी आई दोन मिनिटं तरी तुला विसरेल. पण आधी दात काढू दे."

"चला, शिंपीणबाई, तुमचा नंबर," आतून हाक आली.

"या पोरींना आधी घ्या," शिंपीणबाई गाल न सोडता म्हणाल्या, "त्यांच्या घरी तिघं खोळंबलेत."