कोऱ्या जागायची बेरीज

नाही, मी म्हणतो, नाव काऊन कापलं? पोट्टीचं उत्तर बरोबर, कॉम्प्युटर म्हणते बरोबर, तो सर सोता म्हणते बरोबर... अन् नाव कापलं! आता सांगा, चुकलं कोनाचं?

तुम्हाले सांगतो, मी इंद्रभान. दुसरबीडले रोडावर मोटर वायंडिंगचं दुकान आहे आपलं. शिक्षण सातवी नापास. विहिरीतली मोटर जळली का लोकं आणून आपटतात माह्यापुढं, मी जळकी तार उकलतो, वेढे मोजतो, नवी तार भरतो. अन् वेढे किती टाकले हे कोनाच्या बापाले सांगत नाही! काऊन सांगू? एक डाव सांगितलं होतं त्या गजेंद्रले, भोळा माणूस म्हणून, तं पंधरा दिवसात लेकाच्यानं समोरच दुकान टाकलं! तवापासून घरात नियम. काम कर, चालू करून दाखव, हात पूस. कसं केलं हे चार लोकायसमोर बोलायचं नाही. बोलली तं तंगडं तोडीन! पोट्टी सात वर्षांची होती तवापासून म्हणो मी असं. ती हँडल फिरवे, वेढे मोजे, अन् गिऱ्हाईक आलं का तोंड मिटे. लय शहाणी.

तं हे माही पोट्टी मनाली, आता कॉलेजात कॉम्प्युटर शिकून राह्यली. त्याची भाषा असते म्हणे, सी नावाची. एवढी मोठी भाषा अन् नाव पाहा, एकच अक्षर! तिथं कोड्यायची स्पर्धा निघाली. पह्यला येईन त्याले पुण्याच्या कंपनीत सहा महिने ट्रेनिंग, राहणं-खाणं फुकट, मंग तिथंच नोकरी. जागा किती? एक! पोट्टीनं महिनाभर वहीतून मुंडकं काढलं नाही. माही बायको कलाबाई ताट घेऊन मागं-मागं, "घासभर तं खाय व माय!" तं हे म्हणे, "आई, कोडं सुटून राह्यलं, बोलू नको."

अन् कोडं कोनतं आलं? दोन आकड्यायची बेरीज करा, समजा पाच अन् तीन... पण बेरजेचं चिन्ह वापरायचं नाही! वजाबाकीचंही नाही! म्या म्हटलं हे कोडं आहे का हलकटपणा? बिना पान्ह्याचा नट खोल म्हणल्यासारखं! बाकीचे पोट्टे घामाघूम, वीस-वीस ओळी लिहून राह्यले. अन् मनालीनं लिहिली एक ओळ. एक! तिनं काय केलं, कॉम्प्युटरले म्हटलं, बाबा रे, पह्यले पाच कोऱ्या जागा छाप, मंग तीन कोऱ्या जागा छाप. पडद्यावर काय दिसते? घंटा! कोऱ्या जागा कोनाले दिसतात? पण ते छापणारी कमांड असते नं, ते छापून झालं का हळूच सांगते, म्या इतक्या जागा छापल्या. किती? आठ! झाली का नाही बेरीज? कुठं आहे चिन्ह? दाखवा!

सर आला. वाकून पाह्यलं, चष्मा काढून पाह्यलं, चष्मा लावून पाह्यलं. मंग समद्यायसमोर, "हे कसं केलंस गं?" पोट्टी गप. "कुठून उतरवलंस?" गप. "अगं समजावून सांग, नाहीतर मला कॉपी धरावी लागेल." तं हे म्हणते, "सर, इथं सगळे बसले आहेत, निकाल लागल्यावर सांगीन." झालं! मारली नावावर लाल रेघ. आता सांगा, चुकलं कोनाचं?

दोन दिवस बोललीच नाही हो घरी. तिसऱ्या दिवशी बोलली, अन् माहं डोस्कं असं फिरलं! पह्यले तिच्याकडून ते कोडं चार खेपा समजून घेतलं, अन् बसलो एसटीत. कॉलेजात जाऊन दारच ढकललं, "कोन बे तो सर? माही पोट्टी चोर?"

"काका, आवाज खाली. मी तीनदा विचारलं तिला. सांगितलं असतं तर पहिली तीच होती. जाताना म्हणते, 'कसं केलं ते लोकांसमोर सांगायचं नाही, बाबांनी शिकवलंय.' मला वाटलं बहाणा. असं कोण शिकवतं हो मुलीला?"

आता सांगा, चुकलं... नाही, राहू द्या. नका सांगू.

खाली बसलो. म्हटलं, सर, तिचं मी सांगतो. त्याच्याच कागदावर पाच जागा सोडल्या, तीन सोडल्या, बोट ठेवून-ठेवून समदं सांगितलं. त्या गजेंद्रनंतर पह्यल्यांदा कोनाले कसं केलं ते सांगत होतो! तं सर उभाच राह्यला. "अरे वा! काका, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं!" हात धरून नेलं मले वर्गात, फळ्यावर लिहिलं, पन्नास पोट्ट्यायनं मोबाईलवर फोटू काढला. म्या मागून विचारलं, "सर, मंग तिचं नाव?"

"यादी कालच पुण्याला गेली, काका. आता बदलत नाही ती."

घरी आलो तं पोट्टी दारातच. "बाबा, सर काय म्हणे?" आता काय सांगू? यादीचं नाव नाही काढलं. म्हटलं, लय आवडलं म्हणे, समद्या वर्गाले शिकवलं. तं ती हसली हो... "मंग चांगलंच झालं, बाबा," म्हणे.

अन् मी ओरडलो तिच्यावर. चांगलं झालं म्हणते म्हणून ओरडलो! दुसरं येतेच काय मले...