बाईसाहेबांची कात

...नाही, पण पंधरा दिवस म्हणजे किती हो? पंधराच ना? की आमच्या सासरेबुवांच्या घरी वेगळं कॅलेंडर लागतं? कारण पंधरा दिवस म्हणून त्यांनी जे माझ्या घरात ठेवलं ते चौदा महिने राहिलं, चौदा! निघाले होते मुलाकडे राहायला, जाता जाता एक पाण्याची काचेची पेटी माझ्या मांडीवर ठेवली आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "जावईबापू, एवढं तरी जमेल ना तुम्हाला?" एवढं तरी! लग्नाला एकवीस वर्षं झाली, या माणसाच्या तोंडून मला एकदा 'बरं केलंत' ऐकायला मिळालं नाही. मी किल्ल्या बनवतो ना! त्यांना जावई हवा होता ऑफिसातला, टायवाला. तेव्हाच मनात म्हटलं, ही पेटी परत देईन तेव्हा आतला जीव असा ठणठणीत देईन की 'बरं केलंत' झक मारत म्हणाल.

आतला जीव म्हणजे काय, तर क्रेफिश. गोड्या पाण्यातली. नांग्या खेकड्याच्या, शेपूट कोळंबीचं, मिशा एखाद्या रिटायर्ड हवालदाराच्या, आणि तोरा... तोरा विचारू नका! मी काचेजवळ गेलो की दोन्ही नांग्या वर. मी हिला, म्हणजे बायकोला म्हटलं, "अगं, ही तर तुझ्या बाबांवरच गेली आहे." ही म्हणाली, "मग नीट बोला तिच्याशी." म्हणून तिचं नाव पडलं बाईसाहेब.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी चहाचा कप घेऊन बघतो तर बाईसाहेब उताण्या! पांढऱ्याफटक! माझ्या हातातला चहा तिथंच सांडला. ही रडायला लागली, "बाबांना आता काय तोंड दाखवू?" मी तो देह बाहेर काढला, गॅलरीतल्या कुंडीत पुरला, दोन मिनिटं उभा राहिलो आणि ज्याच्याकडून पाण्याचं औषध आणायचो त्या फिशटँकवाल्याला फोन केला. तो खो खो हसायला लागला. "साहेब, दगडाखाली बघितलंत का?" दगड उचलतो तर खाली बाईसाहेब! जिवंत! मऊ, लुसलुशीत, कोऱ्या करकरीत! कात टाकली होती हो तिनं! नुसती कातडी नाही, नांग्या, मिशा, डोळ्यांवरची झाकणंसुद्धा, अख्खा पोशाख पाठीतनं फाडून बाहेर आलेली! मला घरातला स्वेटर डोक्यातनं काढताना धाप लागते. आपण नुसतं तोंड उघडं टाकून बघायचं!

फिशटँकवाला फोनवर ओरडतोय, "कवच कुठाय? ते खाऊनच नवं कवच कडक होतं तिचं!" झालं! मी कुंडीत चमचा घालून माझ्याच हातानं पुरलेलं मढं उकरतोय, नळाखाली धुतोय, शेजारीण गॅलरीतनं बघतेय... "काय हो, काय लावलंत?" लावलेलं काढतोय, म्हटलं. ते कवच आत टाकलं आणि बाईसाहेबांनी दोन दिवसांत नखापर्यंत फस्त केलं. जुने कपडे खाऊन नवे कपडे!

हे काहीच नाही, पुढे ऐका. तिसऱ्या महिन्यात शेपटीखाली काळी मोहरी चिकटल्यासारखं दिसायला लागलं. अंडी! दोनशे तरी असतील! आता तुम्हाला सांगतो, त्या पेटीत ती एकटी. सोबतीला दगड, एक फुटका कप आणि बुडबुड्यांचा पंप. बायको माझ्याकडे बघायला लागली. "तुमचं लक्ष कुठे असतं?" अगं पण माझं लक्ष असून काय होणार होतं? फिशटँकवाला म्हणाला, "या जातीत नर नसतोच साहेब. सगळ्या माद्या. आणि प्रत्येक पोर म्हणजे आईची हुबेहूब नक्कल."

अहो, तीस वर्षं मी डुप्लिकेट किल्ल्या काढतो! मशीन आहे, कानस आहे, डोळ्याला भिंग आहे, तरी पाचातली एक किल्ली परत येते... "फिरत नाही हो काका." आणि ही बाई, पाण्यात, अंधारात, फुटक्या कपात बसून, विनामशीन दोनशे नकला काढते आणि एक परत येत नाही! मला खरंच भरून आलं. आपण नुसतं तोंड उघडं टाकून बघायचं!

आणि एका दुपारी वीज गेली. पंप बंद. पाण्यातली हवा संपायला लागली तशा बाईसाहेब नळीवरून चढत चढत वर आल्या, कुशीवर आडव्या झाल्या, आणि अंडी अर्धी हवेत, अर्धी पाण्यात धरून शेपटीखालच्या इवल्या पायांनी वारा घालायला लागल्या. थांबेनात! मी वाटी घेतली, पाणी उचलायचं, वरनं ओतायचं, उचलायचं, ओतायचं... तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन. "काका, मी घराबाहेर अडकलेय, किल्ली आत राहिली." म्हटलं, "बाई, इथे दोनशे जणी अडकल्यात, तुम्ही शेजारच्यांकडे बसा!" दोन तास झाले, तीन झाले. ही ऑफिसातनं आली, मला बघितलं. मला वाटलं, आता खैर नाही. तर पर्स खाली ठेवली, बाह्या वर केल्या आणि म्हणाली, "हात भरून आला असेल, द्या इकडे." साडेपाचला वीज आली. बाईसाहेब खाली उतरल्या आणि आम्हा दोघांवर नांग्या उगारल्या. आभार वगैरे नाहीतच.

पोरं झाली. आईच्या पोटाखाली लटकून राहिली, मग उतरली आणि लगेच एकमेकींना खायला लागली! सख्ख्या बहिणी! मी बादल्या भरल्या, टब भरले, डबे भरले. महिनोन्‌महिने आम्ही शॉवरखाली उभं राहून अंघोळ करतोय आणि खाली बादलीत कन्यारत्नं. शेवटी उरल्या आठ. ही म्हणाली, "मला माझ्या बादल्या हव्यात." मग मोठी पेटी आणली, प्रत्येकीला स्वतंत्र पाइपाचा तुकडा दिला आणि बाईसाहेबांनाही त्यातच सोडलं. आता लेकी वाढून आईएवढ्या झालेल्या, ओळखायचं कसं? मी म्हटलं, डोकं चालवू. हिचं लाल नेलपॉलिश घेतलं, बाईसाहेबांच्या पाठीवर एक ठिपका दिला. वाळवला. बेस्ट!

महिन्यानं सासरेबुवांचा फोन. "परवा येतोय घ्यायला. आहे ना धड?" मी रुबाबात पेटीपाशी गेलो... ठिपका नाही! नऊ पाठी, एकीवर ठिपका नाही! कात टाकली होती हो, आणि ठिपक्यासकट खाऊन टाकली होती! ज्यानं कुंडीतनं कवच उकरून धुऊन दिलं, त्या दीडशहाण्यानं खूण कशावर करावी? कवचावर! "बाईसाहेब!" म्हणून हाक मारली, तर नऊच्या नऊ जणींनी नांग्या वर केल्या.

सासरेबुवा आले. मी डोळे मिटले, जाळी घातली, जी आली ती त्यांच्या पेटीत दिली. त्यांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं. आणि म्हणाले, "बरं केलंत हो, जावईबापू." अहो, एकवीस वर्षांनी! डोळ्यांत पाणी आलं माझ्या, आणि बायकोनं बरगडीत कोपर मारलं. ते कशासाठी, ते तिलाच ठाऊक.

काल फोन आला त्यांचा. इतके खूश मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "चौदा महिन्यांनीसुद्धा ओळखलं हो मला तिनं! बघितल्याबरोबर नांग्या वर!" मी म्हटलं, "ओळखणारच बाबा." फोन ठेवला आणि पेटीपुढे हात जोडून उभा राहिलो. म्हटलं, "बाईसाहेब, गेल्या नसलात आणि यातच असलात, तर खरं सांगा, कोण तुम्ही?"

आठ जणी माझ्याकडे बघतायत. पण एक बोलेल तर शपथ!