‘ब’च्या पाकिटात त्रेसष्ट बोल्ट

नाही, तुम्हीच सांगा, पान्याला उलटी बाजू असते का हो? पाना! बोल्ट खोलायचा, दोन्हीकडे तोंड असलेला, साधा पाना! कुठल्याही दुकानदाराला विचारा, तो म्हणेल, साहेब, कसाही धरा. पण आमच्या सासऱ्यांना विचारा... म्हणजे विचारायची गरजच नाही, ते न विचारताच सांगतात. मागे खुर्ची टाकून बसलेले, काठी गुडघ्यांमध्ये, आणि तो आवाज... ‘जावईबापू, पाना उलटा धरलाय तुम्ही.’

तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं झाली लग्नाला. बावीस! हा माणूस चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर टर्नर होता, आणि मी विमा कचेरीत कारकून. आता हेडक्लार्क आहे, पण त्यांच्या लेखी अजून कारकूनच. या बावीस वर्षांत त्यांनी मला एकदा, अहो चुकूनसुद्धा एकदा, शाब्बास म्हटलेलं नाही. मी भिंतीत खिळा ठोकला की ते उठतात, उपटतात आणि तोच खिळा त्याच भोकात पुन्हा ठोकतात. गॅसवाल्याने सिलिंडर न आपटता ठेवला की त्याला ‘शाब्बास!’ आणि जावयाला? जावयाला पान्याची बाजू!

तर हा ट्रॅक्टर. शेतातला नव्हे हो, बागेतला, गवत कापायचा. वर एक माणूस बसतो, पोटाखाली पाती फिरतात. दोन वर्षांपूर्वी सासू-सासरे आमच्याकडे राहायला आले, बरोबर दोन ट्रंका आणि हे धूड. अकरा वर्षं त्यांच्या घरामागे गंजत होतं, ते आमच्या घरामागे येऊन गंजायला लागलं. मी म्हटलं, भंगारात देऊ. नुसतं म्हटलं! बायको लगेच, ‘बाबांचा ट्रॅक्टर? भंगारात? त्यापेक्षा तुम्ही दुरुस्त करा ना, रविवारी लोळतच असता!’ सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, कशाला त्यांना त्रास, त्यांना नाही जमायचं.’ आणि सासरे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, ‘हं.’

हं! आता हे ‘हं’ ऐकून माणसाने काय करायचं? माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, ‘करतो! चालू करून दाखवतो!’ आणि मनात म्हटलं, या म्हाताऱ्याच्या तोंडून शाब्बास नाही वदवलं तर नाव बदलीन.

पहिल्या रविवारी बॉनेट उघडलं. आत उंदरांचा संसार, चार पिढ्यांचा. सीटमधला फोम त्यांच्या गाद्यांना गेलेला. टाकीतल्या पेट्रोलचं वार्निश झालेलं. एकेक बोल्ट असा गंजलेला की वेल्डिंग केलंय की काय! तेल ओतलं, रॉकेल ओतलं, सासूबाईंच्या गुडघ्याचं तेल ओतलं, त्यावरून वेगळं ऐकलं. दोन्ही पाय बंपरला लावून ओढतोय, डोळे बाहेर आलेत, आणि मागून... ‘पाना उलटा धरलाय तुम्ही.’ बरं, मी बाजू बदलली, तर काय म्हणावं? ‘आता तर अगदीच उलटा!’

पण माझी एक पद्धत असते हं. तीस वर्षं नोकरी झाली, एक कागद हरवलेला नाही. मी खाकी पाकिटं आणली, प्रत्येकावर अक्षर घातलं. जो भाग निघेल तो पुसायचा आणि त्याच्या नावाच्या पाकिटात टाकायचा. अकारविल्हे! ‘क’मध्ये कार्बोरेटर, ‘प’मध्ये प्लग आणि पट्टा. पाचव्या रविवारी अंगणात नुसता सांगाडा उरला आणि टेबलावर पाकिटांची ओळ, अशी देखणी, की बायकोने फोटो काढून तिच्या भावाला पाठवला. सासरे तो सगळा प्रकार बघत होते, पण एक अक्षर बोलले नाहीत! मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

सहाव्या रविवारी जोडायला बसलो. ‘ब’चं पाकीट उलटं केलं... त्रेसष्ट बोल्ट! लांब, आखूड, जाड, बारीक, सगळे लख्ख पुसलेले आणि कुठला कुठून काढला याचा पत्ता नाही! ‘न’मध्ये सगळे नट. ‘व’मध्ये सगळे वायसर. आणि ज्यांची नावं मला ठाऊक नव्हती ते सगळे ‘इ’मध्ये, इतर. सगळ्यांत जाड पाकीट ‘इतर’चं! अहो, मला काय माहीत की बोल्टाचं नाव नाही, गाव लिहून ठेवायचं असतं?

सासरे हसले. हसले म्हणजे काय, ठसका लागेपर्यंत! ‘अगं ऐकलंस का, यांनी ट्रॅक्टर फाईल केला! फाईल!’ मेव्हण्याला फोन करून सांगितलं. गॅसवाल्याला सांगितलं. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला आला, त्याने ‘इतर’मध्ये हात घालून बघितलं, म्हणाला, ‘साहेब, तुम्ही माणसांचे विमे काढा,’ आणि चहा पिऊन गेला.

तीन आठवडे मी तिकडे फिरकलो नाही. बायको एकदा हळूच म्हणाली, ‘जाऊ दे, देऊया का भंगारात?’ टोमणा मारला असता तर परवडलं असतं हो, पण ती प्रेमाने म्हणाली!

मग एका शनिवारी अर्ध्या दिवसाने घरी आलो, तर मागून आवाज, टुकटुकटुकटुक. बघतो तर सासरे टेबलाशी. त्रेसष्टच्या त्रेसष्ट बोल्ट मांडलेले. डोळ्यांना मोतीबिंदू, त्यामुळे बघत नव्हतेच, नुसता अंगठा आट्यांवरून फिरवायचे आणि पुटपुटायचे, ‘हा बॉनेटचा... हा पात्यांच्या पेटीचा, मागचा... हा इंजिनच्या पायाचा.’ आणि मग त्यांनी पाना पुन्हा उचलला, एक बोल्ट सांगाड्यात घातला होता त्याच्यावर बसवायला गेले... आणि हात थरथरायला लागला. टुकटुकटुकटुक. बसेना. चाळीस वर्षं लेथ चालवलेला हात, आणि पाना बोल्टावर बसेना! मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, म्हणून हा माणूस सारखा माझ्या हाताकडे बघत असतो होय?

तेवढ्यात त्यांनी मला बघितलं. ‘उभे काय राहिलात? धरा पाना.’ मी धरला. म्हणाले, ‘उलटा धरलाय तुम्ही.’ झालं! सगळी दया खाडकन उतरली.

त्यानंतर सात रविवार. ते बोटांनी ओळखणार, मी आवळणार. ते शिव्या घालणार, मी दात-ओठ खाणार. माझ्या दहाही बोटांची सालं निघाली, नवी बॅटरी आली, नवा पट्टा आला, कार्बोरेटर तीन वेळा खोलला, आणि परवा, परवाच्या रविवारी, किल्ली फिरवली. घर्र... घर्र... ठो! काळा धूर, सासूबाईंच्या वाळत घातलेल्या चादरी काळ्या, आणि त्या धुरात ते धूड धडधडायला लागलं!

सासऱ्यांना मी आणि बायकोने उचलून सीटवर बसवलं. अंगणाला एक फेरी मारली त्यांनी, गवताबरोबर सासूबाईंचा शेवंतीचा वाफाही साफ केला, आणि बरोब्बर माझ्यासमोर येऊन थांबले. बायको, सासूबाई, मुद्दाम आलेला मेव्हणा, सगळे ओळीने उभे. सासरे उतरले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. अहो, बावीस वर्षं! त्यांनी डोळे पुसले, खांद्यावरचा हात काढला, बॉनेटवर थोपटला आणि ट्रॅक्टरला म्हणाले, ‘शाब्बास!’

आता ट्रॅक्टर काही बोलत नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग त्याच्या वतीने मीच म्हटलं, ‘थँक्यू, बाबा.’